पायातला भुंगा

हत्तीरोगाचा जंत जिल्ह्यातून हद्दपार झाला, त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. सरकारने तसा भलामोठा फलक वडशाच्या चौकात लावला होता आणि फलकावरच्या डासावर लाल फुली मारली होती. नव्याने कुणाचा पाय सुजत नव्हता, हे खरंच होतं. पण ज्यांचे आधीच सुजून बसले होते त्यांचं काय, याबद्दल फलक गप्प होता. आजार गेला आणि पाय मागे राहिले.

अशा मागे राहिलेल्या पायांपैकी एक फुलवंता मोहुर्लेचा होता. डावा, गुडघ्यापासून खाली. एके काळी पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नाटकांत फुलवंता रंगमंचावर आली की मागच्या रांगेतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बघायची. दिवाळी सरून धान कापून झालं की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पाहुणे नाटकासाठी येतात, सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळतात. फुलवंताची सोयरीक तर नाटक कंपनीतच जुळली. खुशाल मोहुर्ले तिथे ऑर्गन वाजवायचा. गाताना रंगात आली की ती सुरात किंचित वर सरकायची, आणि तिला सावरून घेताना हा पठ्ठ्या घामाघूम व्हायचा. हिला आपल्याशिवाय कोण सांभाळणार, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाय सुजायला लागला तेव्हा ती तिशी ओलांडत होती. दोन हंगाम तिने लांब लुगड्याखाली निभावून नेले. तिसऱ्या हंगामात प्रवेश चालू असतानाच ताप भरला आणि तिला उचलून आत आणावं लागलं. फुलवंताने नाटक सोडलं आणि त्याच आठवड्यात खुशालने ऑर्गन सोडला.

पुढची बारा वर्षं त्याचे हात त्या पायाचे झाले. सकाळी कोमट पाण्याचं घमेलं, मऊ साबण, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करायच्या, भेगांना मलम लावायचं. मग तळव्यापासून गुडघ्याकडे हलके हलके दाबत पायात साचलेलं पाणी वर न्यायचं आणि पाणी खाली उतरायच्या आत टाचेपासून घट्ट पट्टी बांधायची. संध्याकाळी सोडायची आणि पुन्हा तेच. गावातले लोक त्याला बायकोचा न्हावी म्हणायचे. तो हसायचा. खरं सांगायचं तर माणूस नावाप्रमाणे खुशाल होता. पाय दाबता दाबता तो जुनी पदं गुणगुणायचा, ती त्याची चूक काढायची, आणि सकाळ कशी सरली ते दोघांनाही कळायचं नाही.

डॉक्टर नाझनीन काझी नागपूरहून आल्या त्या अशाच एका सकाळी. वयाने लहान, पण कामात पक्क्या. त्यांनी आधी खुशालने बांधलेली पट्टी सोडली, पाय सगळीकडून दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, पाय तुम्ही फार चांगला ठेवलाय. मागच्या तपासणीत आत एक वाहिनी अजून उघडी दिसली होती. म्हणूनच मी आले."

मग त्यांनी डबीतून एक पातळ चकती काढली. बोराच्या पानाएवढी असेल, रंगाला राखाडी.

"रक्ताला हृदय ढकलतं," त्या सांगू लागल्या. "पण शरीरात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरतं. लसिका म्हणतात त्याला. त्याला वेगळं हृदय नाही. ते वाहिन्यांच्या आकसण्यावर आणि आपल्या चालण्याफिरण्यावर वर चढतं. जंताने काकूंच्या वाहिन्या खराब केल्या, म्हणून ते पायात साचतं. ही चकती ते वर ढकलेल."

"सेल कुटं टाकाचा याले?" खुशालने विचारलं.

"सेल नाहीच. काकूंच्या पायातल्या पाण्यात साखर असते, तीच हिचं जेवण." डॉक्टरांनी चुलीकडे बोट दाखवलं. "भात शिजताना पातेल्यावरचं झाकण कसं थडथडतं? वाफ दाटली की उचललं जातं, वाफ निसटली की खाली बसतं. हिच्यात तसंच होतं. साखर आणि हवेतला प्राणवायू यांच्यापासून आत एक रसायन बनतं. प्लॅटिनमची धूळ ते रसायन फोडते, त्याचे बुडबुडे होतात आणि पडदा फुगतो. फुगला की त्याची छिद्रं मिटतात आणि साखर आत यायची थांबते. बुडबुडे विरले की पडदा खाली बसतो, छिद्रं उघडतात, साखर परत आत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे कितीतरी वेळा होतं. पडदा नुसता थरथरत राहतो."

"थरथरून पानी वर कसं जाईन?" हे फुलवंताने विचारलं.

"धानाचं कुसळ बाहीत शिरलं की कसं वरवरच चढतं? हात कसाही हलवा, खाली येत नाही, कारण त्याचे केस एका बाजूला कललेले असतात. या पडद्यालाही खालच्या अंगाला तसेच केस आहेत."

खुशालला कुसळ पटलं. पण प्लॅटिनमची धूळ संपली की काय, ही शंका त्याला होतीच. डॉक्टर हसल्या. "ती संपत नाही काका. तिला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा माणूस असतो ना, तशी. दोघांना एकत्र आणते, आपण बाजूला होते, परत पुढचं लग्न जुळवायला मोकळी. फक्त गंधकापासून जपा. गंधक आला की ही त्याच्याशीच लग्न लावून बसते आणि मग दुसऱ्या कोणाकडे बघत नाही."

म्हणून गंधकाचं मलम लावायचं नाही, फटाक्यांच्या धुरात थांबायचं नाही, पिकावर गंधकाची भुकटी मारताना बांधावरही जायचं नाही. नडगीवर कातडीत एक नाण्याएवढी जाळी राहणार होती, चकतीला हवा मिळावी म्हणून. जाळीतून वारा आत जातो, पाणी जात नाही, तेव्हा अंघोळ खुशाल करा, असं त्या म्हणाल्या. थरथर कधी अडखळली तर लगेच मोकळ्या हवेत यायचं आणि गार पाणी ओतत राहायचं. थोडासाच गंधक बसला असेल तर तो सुटतो. पुरता बसला तर सुटत नाही.

"आणि बंद पडलं तं दुसरं बसवता येते का?" खुशालने विचारलं.

"वाहिनी एकच उघडी आहे. बंद चकतीभोवती ती आकसून जाते. दुसरी बसवायला जागा राहणार नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी नागपूरच्या दवाखान्याबाहेर बसून खुशालने उनमाय देवीला नवस बोलला. उनमायचं कुंड त्यांच्या गावापासून तीन कोसांवर, जंगलाच्या कडेला होतं. बारमाही ऊन पाणी. खरूज असो, सांधे असोत, पिढ्यान् पिढ्या माणसं तिथे बुडी मारून येत होती. बरं झालेल्या माणसाने पाच बुड्या द्यायच्या, आणि ज्याने नवस बोलला त्याने त्या वेळी बऱ्या झालेल्या जागेवर हात धरून ठेवायचा, अशी तिथली रीत. डॉक्टरांना हे कोणी सांगितलं नाही. देवाचं डॉक्टरला काय सांगायचं?

चकती कामाला लागली आणि पंधरा दिवसांत घोटा दिसू लागला. दोन महिन्यांनी फुलवंताने जुनी चप्पल घालून पाहिली. नडगीला कान लावला की आत बारीक गुणगुण ऐकू यायची, म्हणून तिने चकतीचं नाव भुंगा ठेवलं. शेजारणी येऊन पायाला हात लावून बघायच्या आणि दचकून हात मागे घ्यायच्या. फुलवंता त्यांना म्हणायची, "चावत नाई तो, गाते."

खुशालला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. त्याने गावभर पेढे वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्यात कोमट पाणी काढून तो अंगणात आला, तेव्हा फुलवंता न्हाऊन, वेणी घालून बाहेर निघालेली होती. तो घमेलं धरून उभा राहिला. ते पाणी त्याने कढीपत्त्याला घातलं. नंतर बरेच दिवस त्याला सकाळी काय करावं हेच सुचायचं नाही. तो बाजारात जाई, पारावर बसे, परत येई. बारा वर्षांत त्याने दुसरं काही शिकून घेतलं नव्हतं.

नवरात्रीच्या सुमारास कंपनीचे मालक लेनगुरे आले. नव्या नाटकात आईची मोठी भूमिका होती, तीन गाणी होती, आणि आई शेवटपर्यंत उभी. फुलवंता ऐकताना पदराचं टोक पिळत होती. लेनगुरेंनी विचारायच्या आधीच तिने होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून वडशाला तालमी सुरू झाल्या. कंपनीची गाडी सकाळी तिला न्यायची आणि दिवेलागणीला आणून सोडायची. ती यायची तेव्हा तिच्या अंगाला रंगाचा वास असायचा. हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत ती घरी दिसणार नव्हती.

"तुमी बी चला ना जी," ती एकदा जेवताना म्हणाली. "ऑर्गनवर बसा. मी लेनगुरे भाऊंशी बोलते."

"बोटं राह्यली नाईत आता."

"बारा वर्सं माहा पाय दाबला त्या बोटायनं. कशी नाई राह्यली?"

"तो कीबोर्डवाला पोरगा हाये तुमचा. त्याच्या पोटावर काहून पाय देऊ?"

फुलवंताने भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय सोडला. आपण हो म्हणायला हवं होतं, हे खुशालला त्याच क्षणी कळलं होतं. पण तिच्या शब्दावर, तिच्या मागून, तिच्या गाडीत बसून जाणं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती आपल्याला न विचारता चालू शकते, या गोष्टीचा त्याला राग येत होता, आणि आपल्याला राग येतो याची लाजही वाटत होती.

दिवाळी तोंडावर आली तसा त्याला नवस आठवला. पहिला प्रयोग भाऊबीजेनंतर होता. नवस फेडल्याशिवाय पाय रंगमंचावर ठेवायचा नाही, म्हणून तो हटून बसला. फुलवंताला तालीम बुडवायची नव्हती, पण नवसाला नाही म्हणणं तिच्याही जिवावर आलं. शेवटी तालमीला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी दोघं ऑटो करून निघाली. वाटेत ती आईचं गाणं म्हणत होती. सूर पहिल्यासारखाच थोडा वर सरकत होता.

कुंडावर गर्दी नव्हती. पुजारीण म्हातारीने कुंकू लावलं आणि फुलवंताला पायरी उतरायला सांगितलं. पाण्यावर वाफ होती, आणि लहानपणापासून ओळखीचा तो उबट, नासका वास होता. गावात त्याला मायचा वास म्हणत. कोणी नाक मुरडलं की म्हातारी माणसं रागवायची. खुशाल कमरेइतक्या पाण्यात तिच्या शेजारी उभा राहिला आणि वाकून त्याने तिच्या नडगीवर तळवा ठेवला. पाण्याखालीही भुंगा स्पष्ट गुणगुणत होता.

पहिली बुडी झाली. दुसरी झाली. फुलवंता वर आली, तोंडावरचं पाणी निपटलं आणि हसून परत खाली गेली.

तिसऱ्या बुडीला तळव्याखालची थरथर अडखळली. एकदा थांबली, मग पुन्हा सुरू झाली, पण कुथत, रडत. खुशालने मान वर केली आणि तो वास त्याच्या नाकात शिरला. ह्याच वासाची कुपी डॉक्टरांनी दवाखान्यात त्याच्या नाकाशी धरली होती. असा वास आला की लांब जायचं काका, कुजलेल्या अंड्यासारखा, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा त्याला मलम आठवलं होतं, फटाके आठवले होते. कुंड आठवलं नव्हतं, कारण कुंडाचा वास हा त्याच्या लेखी वास नव्हताच, ती माय होती. आता कळलं. जाळीतून पाणी आत जात नाही, पण ही वाफ जाते.

फुलवंता वर आली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. पायरीवर गार पाण्याचा हंडा होता. हाताला धरून दोन पावलं वर नेलं असतं तरी पुरलं असतं. खुशालच्या डोळ्यांपुढे कंपनीची गाडी आली, होळीपर्यंतचं रिकामं अंगण आलं. त्याने काही वाईट चिंतलं नाही. त्याने तोंड उघडलं नाही, एवढंच.

"चार," पुजारीण म्हणाली. मग "पाच" म्हणाली. फुलवंता वर आली तेव्हा खुशालच्या तळव्याखाली नुसता पाय होता.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. नडगी लाल झाली, घोटा बुजला, आणि दिवाळीचे दिवे लागले तेव्हा ती दोघं नागपूरच्या दवाखान्यात होती. डॉक्टर काझींनी फुलवंताकडून कुंडाचं आणि नवसाच्या रीतीचं ऐकून घेतलं, चकती काढून तपासली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "मी मलमाचं विचारलं, फवारणीचं विचारलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे असं कुंड आहे का, हे मी विचारलंच नाही." मग त्या खुशालकडे वळल्या. "काका, हात तुमचा होता ना पायावर? अडखळलेलं लक्षात नाही आलं?"

"पान्याच्या गडबडीत नाई कळलं," खुशाल म्हणाला. फुलवंता खाटेवरून त्याच्याकडे बघत होती.

वाहिनी बुजली होती. दुसरी चकती बसणार नव्हती. लेनगुरे सांत्वनाला आले, बराच वेळ बसले, आणि भूमिका गोंदियाच्या एका बाईला दिल्याचं जाता जाता सांगून गेले. फुलवंताने त्यांना तिसऱ्या गाण्यात श्वास कुठे घ्यायचा ते त्या बाईसाठी समजावून सांगितलं.

घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी खुशालने घमेल्यात कोमट पाणी काढलं. साबण, फडकं, मलम, पट्टी, सगळं हाताशी मांडलं आणि तिच्यापुढे पाटावर बसला. पाय पुन्हा जड झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. त्याने दोन्ही हात पाण्यात घातले. आपल्याला बरं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"कवा कळलं तुमाले?" फुलवंताने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. खुशालला परत तेच सांगता आलं असतं. तिने मानून घेतलं असतं की नाही, देव जाणे.

"तिसऱ्या बुडीले," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "मले दुसऱ्याच बुडीले वाटलं होतं. भुंगा दमल्यावानी झाला. म्हटलं, ऊन पानी हाये, होत असन तसं. तुमचा हात होता त्याच्यावर. बारा वर्सं हा पाय तुमी माह्यापेक्षा जास्त ओळखला. म्हटलं, काई असतं तं हे बोलले असते."

खुशाल रडू लागला. रडत रडतच त्याने पाय जवळ घेण्यासाठी हात पुढे केला. फुलवंताने तो मनगटाला धरून बाजूला ठेवला, हळू, एखादं भांडं सरकवावं तसा. मग घमेलं स्वतःकडे ओढून घेतलं.

"राहू द्या. मी करते."

"तुले वाकता येत नाई फुलवंता."

"येईन."

तिला वाकायला फार त्रास झाला. बोटांच्या बेचक्यांपर्यंत फडकं पोचेना, तिने ते काडीला गुंडाळून पोचवलं. अर्ध्यात थांबली, दम घेतला, परत वाकली. खुशालने ओले हात मांडीवर ठेवले होते. पट्टी तिने टाचेपासून सुरू केली, पण फेरे वाकडे जात होते.

"घोट्यापाशी सैल पडली," तो म्हणाला.

फुलवंताने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने सगळी पट्टी सोडली, मांडीवर नीट गुंडाळून घेतली आणि टाचेपासून पुन्हा बांधायला सुरुवात केली.